जुन्या लॅपटॉपची स्क्रीन बदलली: एकदा फसलो, एकदा जमलं

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. लॅपटॉप थिंकपॅड टी४४०पी, १४ इंची. फुटलेली स्क्रीन काढून फुल एचडी आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बिघडणारी जात) टाकली, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, बसवून ५,८०० रुपये. पैसे वसूल. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. पण त्याच्या आधी ऑनलाइन ३,९०० ला जे शेण खाल्लं ते पण लिहितो, कारण अक्कल आली ती तिथेच.

स्क्रीन फुटली कशी, तर आमच्या चिरंजीवांनी क्लास संपल्यावर इयरफोन कीबोर्डवरच टाकला आणि वरून झाकण दाबून बंद केलं. कट् असा बारीक आवाज आला म्हणे, पण त्याला वाटलं झाकण नीट लागलं. संध्याकाळी मी उघडलं तर डाव्या कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून वर गेलेल्या दोन हिरव्या रेघा. दुसऱ्या दिवशी डाग बशीएवढा झाला. चिरंजीव दोन दिवस अतिशय सज्जन वागत होते.

आता लगेच सगळे सांगायला लागले की अरे नवीन घे, २०१३ चं मॉडेल आहे ते, किती दिवस ओढणार. खरंय, पण मी २०१९ मध्ये सेकंडहँड १९ हजाराला घेतलेला, १६ जीबी रॅम टाकलीये, एसएसडी टाकलीये, बॅटरी बाहेरून काढता येते, कीबोर्ड असा की नवीन लॅपटॉपवर टाईप करायला बसलो की बोटं रडतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ चौथ्या जनरेशनच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही, म्हणून लिनक्स मिंट टाकलं आणि ते मस्त पळतंय. चालतं मशीन एका काचेपायी भंगारात द्यायचं जिवावर आलं.

तर ऑनलाइन. मोठी साइट, त्यावरचा एक विक्रेता, नावं दोन्हीची घेत नाही. लिस्टिंगवर लिहिलेलं टी४४०पी साठी फुल एचडी आयपीएस, ए प्लस ग्रेड, १०० टक्के ओरिजिनल. या ए प्लस शब्दाबद्दल आता माझं स्पष्ट मत झालंय, तो आंब्याच्या पेटीवरच्या 'देवगड हापूस' सारखा आहे, कागद कोणी पण छापतं. डेड पिक्सेल, म्हणजे बंद पडलेले ठिपके, किती चालतील याचं आयएसओचं स्टँडर्ड असतं, ९२४१-३०७, त्यात क्लास ठरवलेत, पण दुकानदाराच्या ए प्लसचा त्या क्लासशी काही संबंध असेलच असं नाही. प्रत्येकाचा ए प्लस घरचा.

पार्सल आलं. बबल रॅपचे दोन वेढे आणि बिस्किटाच्या बॉक्सचा पुठ्ठा. तरी स्क्रीन शाबूत होती हे नशीब. बायकोने बजावलं की उघडताना व्हिडिओ काढ, मी म्हणलं कशाला, ती म्हणाली काढ. काढला. तो व्हिडिओ नसता तर हे रिव्ह्यू मी फार वेगळ्या भाषेत लिहिलं असतं.

यूट्यूब बघून रात्री साडेदहाला बसवली. चालू केला, उजेड आला, घरात टाळ्या. आणि मग मला वाटलं की अरे, आयकॉन तर तेवढेच मोठे दिसतायत. टर्मिनलमध्ये एक्सरँडर (रिझोल्यूशन सांगणारी कमांड) मारलं तर उत्तर १३६६ बाय ७६८. म्हणजे फुल एचडीच्या साधारण निम्मेच पिक्सेल (साडेदहा लाख विरुद्ध पावणेएकवीस लाख, त्या रात्री कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, झोप येत नव्हती). झाकण जरा मागे ढकललं की चेहरे निगेटिव्हसारखे. बाजूने बघितलं की पिवळट. टीएन पॅनल, म्हणजे स्क्रीनची स्वस्तातली जात, आणि तेही त्यातलं गरीब. परत खोललं आणि मागे बघितलं, विक्रेत्याच्या बारकोडचा मोठा स्टिकर, आणि त्याच्या शेजारी पॅनलचं स्वतःचं लेबल ज्यावर सरळ छापलेलं, बी१४०एक्सटीएन. म्हणजे बसवायच्या आधी फक्त उलटी करून वाचली असती तर तिथेच कळलं असतं. मी नाही वाचली. चूक माझी पण.

विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं, 'सर कंपॅटिबल आहे, चालतीये ना?' आता चालतीये तर आहेच. पुढचं उत्तर, बसवल्यावर रिटर्न होत नाही. मग मी लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, लेबलचा फोटो, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, सगळं साइटच्या तक्रारीत टाकलं आणि २३ दिवसांनी पैसे परत आले. २३ दिवस मी टीव्हीला एचडीएमआय लावून ऑफिसचं काम केलं आणि घरातल्या सिरीयलवाल्या मंडळींचे शाप घेतले.

त्या २३ दिवसात जे वाचलं ते थोडक्यात सांगतो, कारण कुठेही स्क्रीन घ्या, हे लागणारच.

लॅपटॉपच्या मॉडेलवर स्क्रीन घ्यायची नाही, पॅनलच्या नंबरवर घ्यायची. एकाच मॉडेलमध्ये कंपनी तीन-चार जणांचे पॅनल टाकते. टी४४०पी मध्येच १३६६ वाली, १६०० बाय ९०० वाली आणि फुल एचडी अशा तिन्ही यायच्या. खरा नंबर पॅनलच्या पाठीवर असतो आणि त्यातच बरंच कळतं. एलपी१४० म्हणजे एलजी डिस्प्ले १४ इंच, पुढे डब्ल्यूएच असेल तर १३६६, डब्ल्यूडी असेल तर १६००, डब्ल्यूएफ असेल तर फुल एचडी. डॅशनंतर एस आला तर आयपीएस, टी आला तर टीएन. बी१४० म्हणजे एयूओ ही दुसरी पॅनल कंपनी, तिथे एक्सटीएन म्हणजे मला गळ्यात पडली ती, एचएएन म्हणजे फुल एचडी आणि सगळ्या बाजूंनी नीट दिसणारी. बीओई या तिसऱ्या कंपनीचं एनव्ही असेल तर आयपीएस जातीचं, एनटी असेल तर टीएन. कंपन्या मध्येच काहीतरी वेगळं करतात, त्यामुळे नंबर पॅनलूक साइटवर टाकून बघायचाच, रिझोल्यूशन, ब्राइटनेस, पिन, सगळं तिथे मिळतं.

आणि पिन, स्क्रीनची केबल लागते त्या कनेक्टरच्या. इथे जुन्या लॅपटॉपवाले जास्त फसतात. टी४३० पर्यंतची थिंकपॅड एलव्हीडीएस (स्क्रीनला चित्र पोचवायची जुनी पद्धत), बहुतेक ४० पिनवाली. टी४४० पासून ३० पिन, ईडीपी, म्हणजे नवी पद्धत. माझं नशीब की टी४४०पी ईडीपी आहे, त्यामुळे जी केबल १३६६ ला होती तीच फुल एचडीला चालते, फक्त पॅनल बदलायचं. माझ्या ऑफिसातल्या एकाकडे टी४३० आहे, त्याला पण हुक्की आली, पण त्याच्यात फुल एचडी टाकायची तर मध्ये कन्व्हर्टर बोर्ड बसवावा लागतो, तो खटाटोप वेगळा, हौस असेल तरच. उलट ईडीपी मध्ये पण ४० पिनवाल्या असतात, टच किंवा हाय रिफ्रेशवाल्या, म्हणजे नुसतं '४० पिन द्या' म्हणून पण भागत नाही. बाजारात नॉर्मल, स्लिम, पेपर असे शब्द चालतात, ते जाडीचे. आणि पट्ट्या, म्हणजे स्क्रू लावायचे कान, वर-खाली आहेत का डावी-उजवीकडे ते बघायचं, नाहीतर स्क्रीन चालते पण बसत नाही. २००९ च्या आसपास किंवा त्याच्या आधीचा लॅपटॉप असेल तर आत एलईडी नसून ट्यूबवाला बॅकलाइट (स्क्रीनच्या मागचा दिवा) आणि इन्व्हर्टर बोर्ड असायची शक्यता बरीच, त्याच्यासाठी मी तरी एक रुपया घालणार नाही.

एवढं पाठ करून एका शनिवारी निघालो. डोंबिवलीहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. फुटपाथवर चार पावलांवर एक जण 'लॅपटॉप, लॅपटॉप, स्क्रीन, बॅटरी' म्हणत अंगावर येतो, त्यांच्याकडे बघायचं पण नाही, ते कमिशनवर दुसऱ्याच्या दुकानात नेतात. मी पाच दुकानं फिरलो. चार ठिकाणी पहिला प्रश्न 'कुठलं मॉडेल' आणि लगेच 'आहे, बसा'. कुठली आहे विचारलं की 'ओरिजिनल आहे'. नंबर विचारला की चेहऱ्यावर आठी.

पाचवं दुकान जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर. जिन्याला वायरींची तोरणं, वर चार फुटांचं काउंटर, आणि मागे कपाटात स्क्रीन उभ्या लावलेल्या, लायब्ररीत पुस्तकं असतात तशा, प्रत्येक गुलाबी बबलच्या पिशवीत. काउंटरवरचे काका साठीचे, चष्मा कपाळावर. मी म्हणलं टी४४०पी ची स्क्रीन हवीये. ते म्हणाले, 'मॉडेल नका सांगू, मागचा नंबर सांगा.' तिथेच मी बॅग खाली ठेवली.

नंबर सांगितला, म्हणलं ही काढून फुल एचडी आयपीएस टाकायचीये. त्यांनी तीन भाव सांगितले. १३६६ वाली नवीन २,६००. फुल एचडी पण दुसऱ्या मशीनमधून निघालेली, ४,४००. फुल एचडी नवीन ६,२००. मी साहजिकच मधल्यावर बोट ठेवलं. काका म्हणाले थांबा, दोन्ही लावून दाखवतो, मग ठरवा. आतल्या पोराने टेस्टरचा डबा काढला आणि दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी पेटवल्या, पांढरा रंग.

हे बघण्यासारखं होतं. एकटी बघितली असती तर निघालेली स्क्रीन मला झक्कास वाटली असती. पण शेजारी नवीन असल्यावर तिचा पांढरा रंग जुन्या पोस्टकार्डासारखा दिसायला लागला, आणि खालच्या बाजूला नखाएवढा एक उजळ ठिपका, कुठेतरी दाब पडलेला. काकांनी ती उलटी करून कनेक्टर दाखवला, पिनांवर बारीक ओरखडे. 'हे बघा, नवीन म्हणून कोणी गळ्यात मारली तर पहिलं इथे बघायचं. केबल घातली-काढली की हे येतंच.' काठाची टेप पण बघायची म्हणाले, परत चिकटवलेली असली की कडा सुटलेल्या असतात. काही लोक वरची फिल्म बदलून ओरखडे लपवतात, मग आत धूळ अडकते, ती तिरकं धरून बघितल्याशिवाय दिसत नाही. फुकटात एवढं कोण सांगतो हो?

नवीन म्हणजे एलजी ची एलपी१४०डब्ल्यूएफ३-एसपीडी१. लेबलवर २०१६ छापलेलं. मी म्हणलं काका ही तर जुनी आहे. तर म्हणाले, 'जुन्या लॅपटॉपची नवीन स्क्रीन म्हणजे गोदामातलीच नवीन, आता कारखान्यातून कोण काढतंय.' पटलं. बॅकलाइट जळून झिजतो, पिशवीत बसून तेवढा नाही. भीती असते ती ओल आणि दाबाची, आणि ते पेटवल्यावर दिसतं. घासाघीस झाली, फुटलेली स्क्रीन त्यांनी बोर्डासाठी ठेवून घेतली, बसवायचे पैसे नाहीत, ५,८००.

बसवायला पोरगा बसला, रत्नागिरीकडचा, विशी-बावीशीचा. पहिलं वाक्य, 'दादा, चार्जर काढलात, बॅटरी काढा.' मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवलं. घरी मी हे केलं नव्हतं! बॅटरी तशीच ठेवून केबल ओढली-लावली तर बोर्डावरचा बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो, मग स्क्रीन नवीन असूनही अंधार, टॉर्च मारला तरच चित्र दिसतं, आणि लोक बिचाऱ्या स्क्रीनला शिव्या घालतात. त्या रात्री माझा फ्यूज वाचला तो पूर्वजांच्या पुण्याईने. टी४४०पी ला एकच बॅटरी, बाहेरून निघणारी, त्यामुळे सोपं. ज्यात आतली बॅटरी असते तिथे ती बायॉसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद करायची किंवा कनेक्टर काढायचा.

गिटारच्या पिकसारखा प्लास्टिकचा तुकडा फ्रेमच्या फटीत घालून तो टक टक टक करत पूर्ण फिरला. उजव्या बाजूला एक क्लिप मोडली. मला दिसलं, त्याला पण दिसलं, दोघेही काही बोललो नाही. फ्रेम बसली नीट पण त्या जागी दाबलं की किंचित हलते. पाव मार्क इथे गेला. (कदाचित मीच त्या रात्री अर्धी मोडून ठेवली असेल, देव जाणे.)

स्क्रू काढून स्क्रीन पुढे कीबोर्डवर आडवी केली, मागची टेप सोलली आणि कनेक्टर दोन्ही कडांना धरून हळू बाहेर सरकवला. वायरला धरून ओढायचं नाही. नवीन लावली, आणि फ्रेम बंद करायच्या आधी बॅटरी घालून चालू केलं, हा मुद्दा महत्त्वाचा, सगळं बंद करून मग तपासायचं नाही. मी पेनड्राइव्हमध्ये पाच साध्या इमेज नेल्या होत्या, पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी. पांढऱ्यावर धूळ आणि डाग, काळ्यावर बसलेले चमकते ठिपके आणि कडेने गळणारा उजेड, रंगांवर अडकलेले पिक्सेल. मग ब्राइटनेस अगदी तळाला नेऊन बघितलं, मोबाईलचा कॅमेरा समोर धरून, पट्टे पळताना दिसतात का. नाही दिसले. काही स्क्रीन ब्राइटनेस कमी करायला लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण रात्री डोकं दुखतं. शेवटी लिनक्सवर ईडीआयडी, म्हणजे स्क्रीनच्या आत साठवलेली तिची ओळख, वाचून बघितलं, लेबलवरचा आणि आतला नंबर एकच. विंडोजवाल्यांनी एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरच्या खाली बघायचं. लेबल कोणी पण छापून चिकटवेल, आतलं बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

काकांनी दुकानातला दिवा बंद करून काळी इमेज परत लावायला लावली (त्यांनी, मी नाही सांगितलं). खाली उजव्या कोपऱ्यात थोडा उजेड गळतोय, बोटाच्या पेराएवढा. ते म्हणाले, 'एवढं राहणार, नको असेल तर दुसरी उघडतो.' मी म्हणलं राहू दे. रात्री अंधारात सिनेमा बघताना दिसतो, एरवी नाही. दुसरा पाव मार्क तो.

एक गोष्ट मात्र खटकली, बिल. आधी साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. जीएसटीचं पक्कं बिल मागितल्यावर जरा कुरकुर केली, पण दिलं, आणि त्यावर मी पॅनलचा नंबर लिहून घेतला. वॉरंटी तीन महिने, तिला ते टेस्टिंग वॉरंटी म्हणतात, म्हणजे आपोआप बंद पडली तर बदलून, पण रेघ आली किंवा फुटली तर तुमचं तुम्ही. सगळ्या बाजारात हेच आहे, त्यामुळे मार्क नाही कापले, पण माहीत असावं. मार्क अर्धाच गेला एकूण.

वरची पारदर्शक फिल्म पोराने मुद्दाम ठेवली होती. कोपऱ्यात धरायला छोटी पट्टी असते तीच ही फिल्म, ती निघते. त्याच्या खाली चकचकीत किंवा मॅट जो थर दिसतो तो पोलरायझर, तो स्क्रीनचाच भाग. नखाने उकरून उकरून तोच सोलणारी माणसं महिन्याला एक तरी येतात म्हणे आणि वर भांडतात.

आता दोन महिने झालेत. फरक केवढा? एका वेळी दोन पानं शेजारी उघडून काम होतं, आधी एक मावायची मारामार. अक्षरं सुबक पण बारीक झाली, माझं वय चाळिशीच्या पलीकडे, त्यामुळे फॉन्ट वाढवावा लागला, ते धरून चाला. रंग चांगले आहेत पण फोटोचं प्रोफेशनल काम करणाऱ्याने ७२ टक्के एनटीएससी वाली (किती रंग दाखवते त्याचं माप) स्क्रीन शोधावी, स्वस्तातल्या बऱ्याच ४५ टक्केवाल्या असतात आणि लाल रंग विटकरीसारखा दाखवतात. माझं काम एक्सेल आणि रात्री एखादी मॅच, मला एवढं पुष्कळ. तिघं सोफ्यावर बसून बघितलं तरी कडेच्या माणसाला निगेटिव्ह दिसत नाही.

जायचं असेल तर रविवार सोडून जा, बहुतेक शटर खाली असतात. लॅपटॉप सोबत न्या, फोटोवर भागवू नका. चिरंजीवांना फिल्म काढायचा मान दिला, त्याने एका दमात सर्र्कन ओढली, आणि इयरफोन टांगायला माझ्या टेबलाच्या बाजूला स्वतःच एक खिळा ठोकला. खिळा वाकडा आहे. राहू दे.